जिवंत पोरीचा उठावणा

म्हातारपणी मला नुसतं बघत बसायची नोकरी लागली. हसू नका. एस.टी.त कंडक्टरकी करून रिटायर झाले तेव्हा वाटलं होतं, आता मेहरूणच्या घरी पाय पसरून बसू, तलावाची हवा खाऊ. पण सून म्हणाली, "आई, तुम्ही घरात बसलात की मला चेकिंगची गाडी आल्यासारखं वाटतं." गमतीत म्हणाली, पण म्हणाली. त्याच आठवड्यात अखिल दारात आला.

अखिल आर्किटेक्ट. सराफ बाजारातल्या मारवाडी घरचा मुलगा. कॉलेजला असताना माझ्याच गाडीने जायचा-यायचा आणि पास दाखवायचा कंटाळा केला म्हणून माझ्या शिव्या खायचा. आता त्याच्या ऑफिसला शहराच्या म्युझियमबाहेरचं पटांगण सुधारायचं काम मिळालं होतं. "मावशी, आधी नीट बघायचं लोक ही जागा वापरतात कशी," तो म्हणाला. "कुठे बसतात, कुठून वळतात, कशाला थांबतात. मग मी ड्रॉइंग करीन." मला त्यानं एक प्लास्टिकची खुर्ची, मोठी छत्री आणि पटांगणाचे नकाशे दिले. माणूस आला की तो चालेल तशी नकाशावर पेनाने रेघ ओढायची, बस्स. अट एकच होती.

"बोलायचं नाही, मावशी. मधे पडायचं नाही. तुम्ही बोललात की माणसं वेगळी वागायला लागतात."

"आणि कोणी चक्कर येऊन पडलं तर?"

"तर उचला. पण बाकी काही नाही."

उभा जन्म 'पुढे सरका, पुढे सरका' करत काढलेल्या बाईला हा म्हणतो बोलू नका! तरी म्हटलं, बघू. गप्प बसणं जमतं का तेही कळेल.

म्युझियमच्या आत कोणी जात नाही हो. शाळेची सहल आली तर तेवढीच. मूर्ती, नाणी, तलवारी आत धूळ खातात आणि सगळं गाव बाहेर. दुपारी डाळ मिलच्या बायका कडुनिंबाखाली डबे सोडतात. पोरं तोफेवर चढून फोटो काढतात. हबीबभाईंचा चहाचा गाडा भिंतीला लागून, तिथे रिक्षावाले राजकारण करतात. एका बाजूला पत्र्याचा सभामंडप आहे. तिथे एक दिवस रक्तदान, एक दिवस कोणाचा वाढदिवस, एक दिवस उठावणा. उठावणा म्हणजे माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी मारवाडी-गुजराती मंडळी जमतात, तासभर बसतात, फोटोपुढे हात जोडतात आणि उठतात. मग घरचे लोक आपल्या कामाला लागायला मोकळे.

आणि गेटला लागून काळा फळा. गावात कोण वारलं ते त्यावर खडूनं लिहितात. नाव, वय, अंत्ययात्रा कुठून, किती वाजता. अखिलला वाटायचं, या जागेचा जीव चहाच्या गाड्यात आहे. कसला गाडा घेऊन बसलात! जीव त्या फळ्यात. गाडीवरचा माणूस तिथे आला की आपोआप वेग कमी करतो, एक पाय खाली टेकवतो, वाचतो, तोंडानं 'च्च्' करतो आणि गियर टाकून निघून जातो. बायको मागे बसलेली असली तर ती विचारते, "कोण?" तो सांगतो. माझ्या नकाशावर गेटपाशी रेघांचा नुसता गुंता झाला होता.

राजकुंवरबाईंची आणि माझी ओळख इथलीच. मारवाडी जैन घरातली म्हातारी. साऱ्या गल्लीत मान. काचबिंदूनं नजर गेलेली, उजेड आणि सावली तेवढी कळायची. तरुणपणी भडगावला सासऱ्यांच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसलेली बाई, त्यामुळे अहिराणी अशी बोलायची की ऐकणाऱ्याला आपल्याच भाऊबंदातली वाटावी. संध्याकाळी तिची नात आयुषी तिला स्कूटीवर मागे बसवून आणायची, माझ्या खुर्चीशेजारच्या ओट्यावर टेकवायची. "मावशी, दादीकडे लक्ष ठेवा, भेळ घेऊन येते," म्हणायची आणि उडायची. मी गप्प बसायचं ठरवलं होतं, पण म्हातारी गप्प बसू देईल तर ना! मी आधी कंडक्टर होते हे कळल्यावर मला कंडक्टरबाईच म्हणायला लागली.

आता मला बघायचे पैसे मिळतात, तर मी बघणारच. आयुषीची रेघ भेळेच्या गाड्याकडे जायचीच नाही. ती तोफेच्या मागे वळायची. तिथे गिरधर उभा असायचा. सावळा, उंच, शर्ट नीट खोचलेला, भडगावकडचा. धुळ्याला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये होता, सुट्टी मिळाली की एस.टी. पकडून यायचा. एकदा आयुषीनं त्याला माझ्यापुढे आणून उभा केला. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मी भिल्ल आहे, मावशी." मला कसंसंच झालं. म्हटलं, "अरे, मी कुठे तिकीट विचारलं तुला?" तेव्हा हसला पोरगा.

भेळेला उशीर झाला की म्हातारी मला कोपरानं ढोसायची. "ही पोर भेय लेवाले धुये गयी का काय वं?"

भेळ आणायला धुळ्याला गेली का, म्हणते! मी म्हणायचे, "गर्दी असेल हो आजी गाड्यावर."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसायची. बिनदाताची, लहान मुलीसारखी. नातीवर जीव होता तिचा. आयुषीचा आवाज लांबून ऐकू आला तरी तिकडे मान वळायची. सुनेच्या हातचं जेवायची नाही कधी कधी, पण आयुषीनं भरवलं की दोन घास जास्त.

मग दोघी यायच्या बंद झाल्या. मी वाट बघितली. म्हटलं, म्हातारीला ताप-बीप आला असेल. आणि एका सकाळी खुर्ची टेकवून फळ्याकडे बघितलं.

'कु. आयुषी हिचे अकस्मात निधन. उठावणा उद्या दुपारी चार वाजता, म्युझियमच्या सभामंडपात. शोकाकुल: समस्त परिवार.'

अंत्ययात्रेची ओळ नव्हती. काल-परवापर्यंत 'मावशी, मावशी' करणारी पोर. म्युझियमचे पहारेकरी झुलाल नाना फळ्यावरचं लिहितात, अक्षर देखणं आहे त्यांचं. मी त्यांच्याकडे धावले. "नाना, कधी हो? कसं झालं?"

नाना हातावरचा खडू झटकत म्हणाले, "मेली नाही हो अक्का. गेली. धुळ्याला. त्या पोराशी रजिस्टर लग्न केलं. पारसशेठनी कागद आणून दिला आणि म्हणाले, लिहा."

पारसशेठ म्हणजे तिचा बाप.

"आणि तुम्ही लिहिलं?"

"कोणाचं नाव लिहायचं ते मी ठरवतो का?" नाना म्हणाले. "कागद येतो, मी लिहितो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या कोणी माझ्या नावाचा कागद आणून दिला तर माझंही लिहाल?" म्हटलं. नानांनी खडू खिशात टाकला. गेटकडे निघून गेले.

दिवसभर मी बघत होते. तुम्हाला सांगते, त्या दिवशी जे बघितलं ते नकाशावर मावणारं नव्हतं. साऱ्या गल्लीला माहीत होतं पोर जिवंत आहे म्हणून. गाड्या थांबायच्या, लोक वाचायचे, एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसायचे, आणि तरीही निघताना 'च्च्' करायचे! खोट्या मरणालाही खरा 'च्च्'. एक म्हातारे जैन गृहस्थ, रोज देरासरातून, म्हणजे त्यांच्या देवळातून, येताना चहाला थांबायचे, ते वाचून फार अस्वस्थ झाले. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "हे आमच्यात बसत नाही हो. जिवंत माणसाचं असलं करायचं? आमच्या साधू महाराजसाहेबांच्या कानावर गेलं तर तेच खडसावतील."

"मग सांगा ना जाऊन पारसशेठना."

ते म्हणाले, "घरातला मामला आहे," आणि चहा अर्धा टाकून गेले.

मी अखिलला फोन लावला. त्यालाही सगळं माहीत होतं. बाजारातलाच तो. म्हणाला, "मावशी, वाईट आहे, मला पटत नाही. पण प्लीज, तुम्ही मधे पडू नका. मला त्या सगळ्या मंडळींशी काम पडतं." तो खरं बोलत होता, म्हणून जास्तच राग आला.

संध्याकाळी चेलना आली. आयुषीची धाकटी बहीण. डोळे सुजून लाल. हबीबभाईंच्या गाड्याआड उभी राहून मला बोलावलं. "मावशी, फोन देता? माझा काढून घेतलाय."

"कोणाला करायचाय?"

"दीदीला." आणि तिला हुंदका फुटला. "मावशी, त्यांनी दादीला खरं सांगितलं नाही. दादीला सांगितलं की दीदी हायवेवर अपघातात गेली. तोंड ओळखू येत नव्हतं म्हणून घरी आणली नाही, परस्परच सगळं केलं. दादीला खरंच वाटतंय मावशी. ती जेवत नाही. सकाळपासून पाणीपण नाही. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर उद्याचा दिवस निघणार नाही. पपांना सांगितलं तर म्हणतात, खरं कळलं तरी ती मरेलच, निदान अब्रूनं तरी मरेल."

ऐकलंत? निदान अब्रूनं! मी फोन तिच्या हातात कोंबला. गेली तुझी अट खड्ड्यात, म्हटलं, अखिल. कोणी पडलं तर उचला, असं तूच म्हणाला होतास.

चेलनानं बहिणीला सगळं सांगितलं. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, शेवटी चेलनानं डोळे पुसून फोन परत दिला. मग मला म्हणाली, "उद्या येते म्हणाली. घरात कोणी जाऊ देणार नाही. पण उठावण्याला दादी येईल, तिथे सगळ्या बायका तिला भेटतात."

"आणि तिला तिथे बघून तुझे काका, भाऊ काय करतील?"

"ते मी पण विचारलं. ती म्हणाली, मेलेलीला काय करणार?"

मला त्या पोरीचं कौतुकही वाटलं आणि धास्तीही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडपात पांढऱ्या गाद्या पडल्या. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. मधे टेबलावर आयुषीचा फोटो, कॉलेजच्या गॅदरिंगचा असावा, कारण चांगली नटलेली होती. त्याला चंदनाचा हार, पुढे पाकळ्यांचं ताट. लोकांनी फोटोकडे न बघता पाकळ्या टाकल्या, तेवढं मात्र मी बघितलं. पारसशेठ पांढऱ्या कुर्त्यात हात जोडून उभे. चेहऱ्यावर एक रेघ हलत नव्हती. आयुषीची आई तोंडावर पदर ओढून बसली होती आणि ती खरंच रडत होती. कशासाठी ते तिचं तिलाच ठाऊक.

अखिलही आला. माझ्या खुर्चीमागे उभा राहून हळूच म्हणाला, "मावशी, मोठी गर्दी आहे. चपला कुठे काढतात, बायका कुठून येतात, तेवढं बघून घ्या."

"बघतेय," मी म्हटलं. "डोळे फाडून बघतेय."

राजकुंवरबाईंना दोन्ही बाजूंनी धरून आणलं. अहो, काय अवस्था झाली होती त्या बाईची! ओठ सुकून चिरलेले, मान सावरत नव्हती. भिंतीला टेकवून बसवलं. बायका ओळीनं यायच्या, तिच्यापुढे वाकायच्या, हात जोडायच्या. तिला कोण आलं ते कळत नव्हतं. ती फक्त मान हलवायची. मधेच म्हणायची, "आवाज येस माले तिना. रात्री सैपाकघरमा तिना आवाज उना." शेजारी बसलेली तिची धाकटी सून, आयुषीची काकू, तिला थोपटायची. "हो माँसा, होतं असं. मन खेळ करतं."

मग एस.टी. स्टँडकडून एक मोटारसायकल आली आणि गेटबाहेरच थांबली. गिरधर चालवत होता, डोक्यावर हेल्मेट. त्यानं गाडी बंद केली नाही. मागून एक पोरगी उतरली. पांढरा ड्रेस, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. आपल्याकडच्या सगळ्या पोरी गाडीवर तशाच तोंड बांधून फिरतात, त्यामुळे कोणी दुसऱ्यांदा बघितलं नाही. ती बायकांच्या ओळीत उभी राहिली. ओळ पुढे सरकली. ती फोटोपाशी आली, आपल्याच फोटोपाशी, आणि पाकळ्या न टाकता तशीच पुढे गेली.

म्हातारीपुढे गुडघ्यांवर बसली. स्कार्फ सोडला. आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"दादी."

म्हातारीची मान वर आली. तिनं हात चाचपडत पोरीच्या तोंडावर नेला, कपाळ, नाक, कानातली रिंग. मग एवढ्या मोठ्यानं ओरडली की मंडपाच्या पत्र्याला आवाज गेला. "आयुषी! मनी आयुषी उनी वं!"

सगळं जागच्या जागी थांबलं. पुरुषांच्या बाजूला पारसशेठ वळले आणि तसेच थिजले. काकू पटकन पुढे झाली. बाई हुशार, तिला तोंड होतं. "नाही हो माँसा," ती गोड आवाजात म्हणाली. "ही आयुषीची मैत्रीण. भेटायला आलीय. रडू नका."

"दादी, मीच आहे," आयुषी म्हणाली. "मी मेले नाही. मी लग्न केलं. यांनी खोटं सांगितलं तुला."

"बघा, कशी आवाजाची नक्कल करते," काकू म्हणाली. "काय पण शोभतं का गं तुला, म्हाताऱ्या माणसाची चेष्टा? अगं कोणी घ्या हिला बाहेर."

म्हातारी गोंधळली. तिची नजर गेलेली, तीन दिवस पोटात काही नाही, रात्री सैपाकघरात आवाज ऐकणारं डोकं. तिचा स्वतःवरच भरवसा उरला नव्हता. ती मान इकडे-तिकडे फिरवत विचारत सुटली. "जमनाबाई, तू सांग. ही कोण शे?" जमनाबाई तिची जुनी शेजारीण. ती खाली बघून म्हणाली, "मैत्रीणच आहे हो." "शांताबाई?" शांताबाई म्हणाली, "नाही हो, आयुषी कुठली आता." आणि मग मागून, बाजूनं, सगळ्या बायका एका सुरात, "दुसरी आहे हो आजी," "आयुषी देवाघरी गेली," "धीर धरा." अहो, एक बाई नाही निघाली त्यात! सगळ्यांना ठाऊक. सगळ्या मूग गिळून. मी आयुषीकडे बघत होते. इतक्या लोकांच्या तोंडून आपण नाही आहोत हे ऐकताना त्या पोरीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तिनं म्हातारीचे हात मात्र सोडले नव्हते.

आणि म्हातारीनं हाक मारली. "कंडक्टरबाई कोठे शे? कंडक्टरबाई! तू रोज आठे बसस, तू बठ्ठं देखस. तू सांग माले. ही कोण शे?"

मागून अखिलनं माझी बाही धरली. "मावशी, नका. माझ्यासाठी."

मी बाही सोडवून घेतली. छत्री कलंडली, नकाशे वाऱ्यावर गेले, जाऊ देत. चपला न काढता त्या पांढऱ्या गादीवरून गेले आणि भर एस.टी.त ओरडायचे त्या आवाजात सांगितलं. "आयुषीच आहे, आजी. तुमची आयुषी. धडधाकट जिवंत आहे. भडगावच्या गिरधरशी लग्न करून धुळ्याला राहते. तो बाहेर उभा आहे. इथे बसलेल्या एकूण एक बाईला हे माहीत आहे."

म्हातारीनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि तिच्या थोबाडीत दिली. जोर नव्हता हातात, पण दिली. "माले सांगीसन गयी अस्ती तं मी काय तुले धरी ठेवती?" आणि मग तिला छातीशी ओढून अशी रडायला लागली, दोघी अशा रडायला लागल्या, की मला माझेच डोळे पुसता येईनात.

पारसशेठ आले. हळू आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये असे बोलले. "माँ, ती आमच्यासाठी मेली. संपलं."

म्हातारीनं आवाजाच्या दिशेनं तोंड वर केलं. "तुमनाकरता मरी व्हई," ती म्हणाली. "माले कोणी इचारं का?"

त्यांच्या मागे आयुषीचे दोन-तीन चुलतभाऊ उठले होते, आणि गेटाकडे बोट दाखवून एकजण काहीतरी घाण बोलला, गिरधरच्या जातीचं. मला कळलं, आता वेळ नाही. कोपऱ्यात पाण्याचा जार होता, चेलना ग्लास भरून धावत आली. आयुषीनं तो म्हातारीच्या ओठांना लावला. म्हातारी प्यायली. अर्ध्याहून जास्त अंगावर सांडलं, पण प्यायली. आणि ग्लास रिकामा झाल्यावर नातीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जाय आते. पय. या तुले जिवंत ठेवाव नहीत."

"तू चल माझ्याबरोबर, दादी."

"माले कोठे लई जाशी? उठता येत नही. तू जाय."

आयुषी उठेना. मी तिला काखेत धरून उठवलं आणि ढकललंच म्हणा ना. चुलतभाऊ वाटेत आले तेव्हा चहाचा गाडा सोडून हबीबभाई गेटपाशी येऊन उभे राहिले होते, बरोबर दोन रिक्षावाले. कोणी हात उगारला नाही. इतक्या लोकांपुढे मेलेल्या पोरीला मारणार कसे? मोटारसायकल निघाली तेव्हा ती मागे वळून बघत होती आणि स्कार्फ तिच्या गळ्यात तसाच लोंबत होता.

मला वाटलं, आता हे मोडलं. आता हार काढतील, गाद्या गोळा करतील, लोक शरमेनं उठून जातील. इतकं सगळं उघड्यावर घडल्यावर दुसरं काय होणार? पण समाजातले एक मोठे गृहस्थ उठले, माइक हातात घेतला, घसा खाकरला आणि शांत आवाजात म्हणाले, "ॐ शांति. ज्यांचं दर्शन राहिलं असेल त्यांनी ओळीनं यावं." आणि लोक आले! ओळ परत लागली. अखिलसुद्धा गेला. त्यानं फोटोपुढे हात जोडले आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडला.

तेवढ्यात भडगावहून जीप आली. दुकानाच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या घरच्या बायका, लांबचं अंतर कापून आलेल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांना नुसता उठावण्याचा निरोप मिळाला असेल; फोटो बघितला, आणि त्या खऱ्या रडत होत्या. पहिली बाई म्हातारीपुढे वाकली. म्हातारीनं तिचा हात पकडला आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "बाई, रडू नको. मनी पोर जित्ती शे."

ती बाई आणखीच रडायला लागली. मागच्या बाईला म्हणाली, "दुःखानं डोकं फिरलं गं माउलीचं." काकूनं तिच्याकडे बघून हळूच मान हलवली, हो, फिरलं म्हणून.

मला राहवलं नाही. मी म्हातारीच्या शेजारी गादीवर बसले, तिचा दुसरा हात धरला. पुढच्या बाईला म्हातारी म्हणाली, "जित्ती शे वं. आत्ते आठे व्हती." मी म्हटलं, "खरं सांगतायत त्या. आत्ताच गेली, मी स्वतः गाडीवर बसवली." त्या बाईनं माझ्याकडे बघितलं, माझ्या पायातल्या चपलांकडे बघितलं, आणि काकूला विचारलं, "ह्या कोण?"

"घरातल्या नाहीत," काकू म्हणाली. "बाहेर बसतात कुठेतरी."

ती बाई माझ्यापुढेही हात जोडून पुढे गेली. मी हलले नाही. म्हातारीनं पुढच्या बाईचा हात चाचपडत धरला आणि परत पहिल्यापासून सांगायला लागली.